बंदूक, बदक आणि शटरचा टीव्ही



घरातल्या वस्तूंचा इतिहास सांगताना आपण जातं घेतलं, शिलाई मशीन घेतलं, मागच्या खेपेला कंदील घेतला. आज टीव्ही. पण मालिका नाही आणि बातम्याही नाहीत. टीव्हीला वायर जोडून जो खेळ खेळायचो, ज्याला आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणत, तो खेळ. आणि तो ज्याच्यावर चालायचा तो जुना, पोटाळा टीव्ही. हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. एका बैठकीत तोच आमच्यासमोर येऊन बसला.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गटाची मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, नोंदवही लिहून झाली, चहा आला. ज्या ताईंच्या घरी बैठक होती त्या नुकत्याच माहेरी, अकोट तालुक्यात, जाऊन आल्या होत्या. भावाने जुनं घर पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत त्यांच्या लहानपणचा टीव्ही गेम सापडला. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि एक प्लास्टिकची बंदूक. ताईंनी तो पोरांसाठी पिशवीत घालून आणला होता. मोठ्या पोराने भिंतीवरच्या बत्तीस इंची टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लावली, बटन दाबलं, आणि बाप्पा, पंचवीस वर्षं पेटीत पडलेला गेम सुरू झाला. तीच टिंगटिंग, तेच गवत, गवतातून उडणारी तीच बदकं.

ताईंनी पदर खोचला. "आमच्या गल्लीत बंदुकीत माया हात धरणारं कोणी नव्हतं," म्हणाल्या आणि नेम धरला. बदक उडून गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. टीव्ही एका हातावर असेल इतक्या पुढे गेल्या, तरी एक बदक पडेना. गेममधला कुत्रा गवतातून तोंड वर काढून हसला. बैठकीतल्या बाया हसल्या. पोरगा म्हणाला, "आई, राहू दे, तुले नाही जमत."

ताईंनी बंदूक खाली ठेवली. "खरं हाये. हातच गेला माया," म्हणाल्या आणि कप उचलायला लागल्या.

हसलो आम्हीही. पण स्कूटीवर घरी येताना ते हसू काही गिळलं जाईना. हे वाक्य आम्ही किती ठिकाणी ऐकलं आहे! एटीएमपुढे, बँकेच्या काउंटरवर, मोबाइलमध्ये गटाची माहिती भरताना. यंत्र अडलं की पुरुष म्हणतो, "मशीन खराब आहे." बाई म्हणते, "मले नाही जमत." म्हणून आम्ही ठरवलं, या एका प्रकरणात तरी बघायचं की खराब काय झालं होतं, हात की मशीन. बी.ए.ला आम्ही इतिहास घेतला होता, तेवढा तरी कामाला यावा.

तर सुरुवात करू १९७२ पासून. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे साल विचारलं तर ते एकच गोष्ट सांगतील, दुष्काळ. सुकडी, खडी फोडायची कामं, लाल ज्वारी. त्याच वर्षी आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं; आपल्याला त्याचा उपयोग नव्हता, कारण त्या लहरी घाटाच्या अलीकडे येतच नव्हत्या. आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत एक खोका विकायला आला, ओडिसी नावाचा. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचा तो जगातला पहिला खेळ. राल्फ बेअर नावाच्या इंजिनिअरने तो काढला. हे गृहस्थ ज्यू, हिटलरच्या जर्मनीतून पोरवयात घरच्यांसोबत पळून आलेले. त्यांच्या मनात आलं की लोक या काचेकडे नुसते बघत बसतात, त्यांना तिच्याशी काही करता आलं पाहिजे.

त्या ओडिसीत रंग नव्हते, नुसते पांढरे ठिपके आणि एक रेघ. म्हणून खोक्यासोबत रंगीत प्लास्टिकचे कागद मिळत. ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. मैदानाचा कागद लावला की मैदान, भुताच्या घराचा लावला की भुताचं घर. हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या घरचा टीव्ही आठवला. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे लावायची ती रंगीत काच आठवते का? वर निळी, मध्ये फिकी, खाली हिरवट-तांबडी. बातम्या देणारीचं कपाळ निळं आणि पदर हिरवा दिसायचा, आणि आपण शेजारणीला सांगायचो की आमच्याकडे कलर आहे. अमेरिकेतल्या इंजिनिअरने केलं तेच आपल्याकडच्या दुकानदाराने केलं. आणि हो, त्या ओडिसीसोबतही वेगळे पैसे भरून एक बंदूक मिळत होती. म्हणजे बंदूक आणि टीव्हीचा संसार अगदी पहिल्या खेळापासूनचा.

वऱ्हाडात टीव्ही खरा पसरला तो पुढच्या दशकात. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडसोबत रंग आला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला. १९८४ मध्ये सरकारने देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभारायचा सपाटा लावला, काही महिने तर दिवसाला एक. मग छपरावर अँटेना आले, आणि "आलं का? थोडं मागं! आता गेलं!" असं ओरडणं आलं. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं, तेव्हा गावात मोजून दोन-तीन टीव्ही. रविवारी सकाळी त्या घरांच्या ओसरीवर चपलांचा ढीग. टीव्हीला हळदीकुंकू लावणारी, हार घालणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत किंवा त्यांच्याबद्दल ऐकलं आहे.

तो टीव्ही विकत कशाने यायचा? कापसाच्या चुकाऱ्याने. वेचणी संपली, गाडी संकलन केंद्रावर गेली, चुकारा हातात आला, की त्या वर्षी एक तर लग्न, नाही तर विहिरीवर मोटार, नाही तर टीव्ही. वेस्टन, टेक्स्ला, क्राउन, डायनोरा. पुढे व्हिडिओकॉन, जो आपल्या मराठवाड्यात पैठणजवळ चितेगावला तयार व्हायचा. आमच्या गटातल्या एका मावशींच्या वडिलांनी टीव्हीचा खोका मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वेत मांडीवर घेऊन आणला. त्या सांगतात, अंजनगावला उतरेपर्यंत बाप खिडकीबाहेर बघायला तयार नव्हता.

कापूस वेचला कोणी, हे इथं सांगायची गरज नाही. पण टीव्हीला लाकडी शटर असायचं, शटरला कुलूप, आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला किंवा बाबांच्या खिशात. आमच्या माहितीत एकही घर नाही जिथं ती किल्ली आजीच्या कनवटीला होती.

आता गेम. जपानमध्ये क्योटो शहरात निंटेंडो नावाची कंपनी आहे, १८८९ सालची. सुरुवातीला ती पत्त्यांचे कॅट विकायची. १५ जुलै १९८३ ला, म्हणजे कपिल देवच्या टीमने वर्ल्ड कप उचलल्यानंतर तीन आठवड्यांत, तिने टीव्हीला लावायचं एक खेळाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्यावर १९८४ मध्ये बदकांचा खेळ आला आणि १९८५ मध्ये मारिओ. आपल्यापर्यंत अस्सल जपानी यंत्र क्वचितच पोहोचलं. आपल्याकडे आलं ते समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांनी, आणि त्याहून जास्त म्हणजे कुठलंच धड नाव नसलेली, तैवान-चीनकडून आलेली नक्कल. खोक्यावर लिहिलेलं असे '९९९९९९ इन १'. लावून पाहिलं की खेळ दहा-बारा, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नंबरने. फसवणूक होती, पण त्या दहा-बारांनी आमच्या तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या भागवल्या.

आठवा ती सुट्टी. बाहेर पंचेचाळीस डिग्री, खिडकीत कूलर, जमिनीवर ओलं फडकं मारलेलं, आणि टीव्हीपुढे मामाची, मावशीची सगळी पोरं. अकोल्याच्या नाही तर अमरावतीच्या बाजारातून मामाने आणलेला गेम. वायर अँटेनाच्या भोकात घालायची आणि चॅनेलचं गोल बटन खटखट फिरवत, मुंग्यांमधून चित्र शोधायचं. लाइन गेली की संपलं. आली की पुन्हा पहिल्यापासून, कारण त्या यंत्राला काही लक्षात राहत नसे.

रिमोट दोन. पोट्टे पाच-सहा. काँट्रा नावाचा गोळीबाराचा खेळ दोघांनी मिळून खेळायचा, मारिओ आळीपाळीने. पोरींचा नंबर कधी? "तुम्ही लगेच मरता," असं म्हणून रिमोट पुढे सरकायचा. मरणार नाही तर काय, नंबरच तासाने यायचा तर सराव कधी व्हायचा? मग पोट्ट्यांना भूक लागली, ते आंबे खायला किंवा विहिरीवर गेले की टीव्ही मोकळा. आणि एक वस्तू अशी होती जिच्यावर पोट्ट्यांचा फार जीव नव्हता. ती बंदूक. तिच्यात एकच खेळ, शत्रू नाही, बॉस नाही, नुसती बदकं. म्हणून बंदूक पोरींकडे आली. आम्ही सात-आठ जणींना विचारलं, अचलपूरकडच्या, मूर्तिजापूरकडच्या. पाच जणींनी हेच सांगितलं: आम्ही बंदूकवाल्या. ताई सांगत होत्या ती बढाई नव्हती. उरलेली वस्तू हातात आली, आणि तिच्यात त्या तरबेज झाल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. ती बंदूक काम कशी करायची?

आम्हाला वाटायचं तिच्यातून काही तरी निघतं आणि टीव्हीला लागतं. तसं मुळीच नाही. त्या बंदुकीतून काहीच निघत नाही. तिच्या नळीत एक डोळा आहे, उजेड ओळखणारा. बंदूक मारत नाही, बघते. घोडा ओढला की गेम काय करतो? एका क्षणासाठी सगळा पडदा काळा करतो. लगेच पुढच्या क्षणी बदक जिथं असेल तिथं पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या डोळ्याला आधी अंधार आणि नंतर पांढरं दिसलं, तर नेम बरोबर, बदक पडलं. दोन बदकं असतील तर एकाचा चौकोन आधी, दुसऱ्याचा नंतर, म्हणजे कुठलं लागलं तेही कळतं. आधी अंधार का? कारण काही पोट्टे चलाखी करून बंदूक लाइटच्या बल्बकडे धरायचे. बल्ब काळा होत नाही, म्हणून चोरी पकडली जाते. घोडा ओढल्यावर पडदा लपकन झाकोळायचा, आठवतं ना? आम्हाला वाटायचं लाइन हलकी आहे.

हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या भागात व्हायचं. आणि ते होऊ शकायचं, कारण टीव्ही जुना होता.

जुन्या टीव्हीच्या आत काचेची मोठी बाटली असते, पिक्चर ट्यूब. कार्ल फर्डिनांड ब्राउन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये तिची पहिली आवृत्ती केली. त्या बाटलीच्या मागच्या निमुळत्या टोकाला इलेक्ट्रॉन फेकणारं यंत्र असतं, आणि मेकॅनिक लोक त्याला काय म्हणतात? गन. म्हणजे खरी बंदूक टीव्हीच्या पोटात होती, आपल्या हातात होता तो डोळा! ती आतली गन काचेवर झाडू मारल्यासारखी डावीकडून उजवीकडे रेघा ओढते, वरून खाली, सेकंदाला साडेपंधरा हजारांच्या वर. रेघ जिथं पडते तिथला लेप चमकतो आणि लगेच विझतो. गेममधून सिग्नल निघाला की थांबायचं नाव नाही. जसा येईल तसा थेट काचेवर. बंदुकीचा डोळा या झपाझप रेघांच्याच उजेडाला ओळखेल असा बनवलेला होता. दोघं एकमेकांसाठीच घडवलेले, खलबत्त्यातला बत्ता आणि खल जसे.

भिंतीवरचा नवा टीव्ही असं करत नाही. त्याच्यात गन नाही, रेघा नाहीत. मागे एलईडीचा दिवा सारखा जळत असतो आणि पुढे लाखो बारीक खिडक्या उघडझाप करतात. शिवाय तो चित्र आलं तसं दाखवत नाही. आधी साठवतो, मोठं करतो, साफसूफ करतो, रंग लावतो, मग दाखवतो. पाहुण्यांना चहा देण्याआधी कपबशी पुसणाऱ्या सुनेसारखा. बातम्या बघताना त्या उशिराने काय बिघडतं? काही नाही. पण गेम विचारतो, "पांढरा चौकोन आता दिसला का?" आणि त्या वेळी टीव्ही अजून पुसतच असतो. बंदूक म्हणते, "नाही दिसला." नंतर दिसला तरी तो उजेड बंदुकीच्या ओळखीचा नाही. बदक उडून जातं. कुत्रा हसतो.

म्हणजे ताईंचा नेम शंभर टक्के बरोबर असता तरी एक बदक पडलं नसतं. कोणाकडूनच पडलं नसतं. नेमबाजीचं सोन्याचं पदक मिळवणाऱ्याला त्या टीव्हीपुढे उभं केलं असतं तरी कुत्रा हसलाच असता.

मारिओचंही थोडं असंच. त्या दिवशी ताईंचा मारिओ पहिल्याच खड्ड्यात चार वेळा पडला. बटन दाबलं आणि उडी यायला सेकंदाचा दहावा-विसावा भाग उशीर, एवढाच फरक. पण खड्ड्याच्या काठावर तेवढा पुरतो. आणि चित्र पाहिलं असेल तर मारिओ जाडा झालेला. त्या गेमचं चित्र अवघ्या २५६ ठिपके रुंद. जुन्या काचेवर ते ठिपके एकमेकांत मिसळून गोड दिसायचे, कशिदा दुरून बघावा तसे. नवा टीव्ही तेच चित्र ओढून ताणून रुंद करतो, मग प्रत्येक ठिपका विटेएवढा.

याचा अर्थ जुना टीव्ही चांगला आणि नवा वाईट, असं आम्ही म्हणत नाही. जुना एकवीस इंची रंगीत टीव्ही हलवायला दोन माणसं लागायची, नवा बत्तीस इंची एकटी बाई काखेत धरून नेते. वीजही नवा कमी खातो. आजकालचे खेळ जुन्यावर लागणारच नाहीत, पिनच बसत नाही, आणि लागले तरी त्यातली बारीक अक्षरं वाचता येणार नाहीत. हिशोब सरळ आहे: जुना खेळ जुन्या टीव्हीवर, नवा खेळ नव्या टीव्हीवर. नव्यावरही उशीर कमी करता येतो. बहुतेक टीव्हींच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावला की टीव्ही पुसापुशी सोडून देतो. मारिओ सुधारतो. बंदूक मात्र त्यानेही चालत नाही. आणि घरात जुना गेम असेल तर नवा टीव्ही घेताना मागे पिवळ्या पिनेची जागा आहे का हे बघून घ्या, अनेक नव्या संचांत ती काढून टाकली आहे.

एक जुना वाद इथंच मिटवून टाकू. आपल्या आया ओरडायच्या, "गेम नको खेळू, टीव्ही खराब होते!" पोट्टे म्हणायचे, आईला काही कळत नाही. मेकॅनिकदादांना विचारलं. ते म्हणाले, आई अर्धी बरोबर होती. एकच चित्र महिनोन्महिने, तासन्तास काचेवर राहिलं तर आतल्या लेपावर त्याचा कायमचा डाग पडतो. पैसे टाकून खेळायच्या दुकानी मशीनवर असे डाग पडत. घरी सुट्टीपुरतं खेळून सहसा नाही.

आणि "एवढ्या जवळून नको बघू" हेही उगाच आलेलं नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं. संच परत बोलवावे लागले, दुसऱ्याच वर्षी तिथं कायदा झाला. ट्यूबमध्ये वीस हजारांच्या पुढे व्होल्ट असतात, त्यातून हे किरण तयार होतात, आणि ते अडवायला काचेत शिसं मिसळलेलं असतं. आपल्या काळातल्या टीव्हीपुढे बसून तसा धोका नव्हता.

पण तेच शिसं आता आपल्या दारात आलं आहे. २००७ च्या शेवटी जगात सपाट टीव्हींची विक्री ट्यूबवाल्यांच्या पुढे गेली, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत आपल्या गावांतूनही ट्यूबवाले गेले. गेले म्हणजे कुठे? काही माळ्यावर. आमच्या एका काकूंनी शटरच्या टीव्हीचं आतलं सगळं काढून त्याचं देवघर केलं, शटर उघडून रोज दिवा लावतात. इतकं सुंदर देवघर आम्ही दुसरं पाहिलं नाही. आणि बाकीचे भंगारात. भंगारवाल्याला हवं असतं ट्यूबच्या मानेवरचं तांबं. एका गावात आम्ही स्वतः पाहिलं, दोन पोरं हातपंपाशेजारी दगडाने ट्यूब फोडत होती, तांब्याचे चाळीस-पन्नास रुपये येतील म्हणून. काच चौफेर. एका रंगीत संचात किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त शिसं असतं. लहान लेकरांच्या पोटात शिसं गेलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आणि बंद टीव्हीच्या आतही जोरदार झटका बसेल एवढी वीज बरीच वेळ शिल्लक राहते. म्हणून घरी उघडू नका, फोडू तर मुळीच नका. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, सुधारलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून. त्यात टीव्ही येतो. गटाने सात-आठ संच एका ठिकाणी जमा करून नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे एकदमच दिले तर न्यायला गाडी परवडते. एका गावात ग्रामसंघाने हा विषय बैठकीत घेतला आहे. झालं की सांगू.

तर, ताईंची गोष्ट अर्धी राहिली.

पुढच्या बैठकीला आम्ही रिकाम्या हाताने गेलो नाही. मेकॅनिकदादांच्या दुकानात चौदा इंची रंगीत टीव्ही होता, कोणी तरी दुरुस्तीला टाकून नेलाच नाही असा. तो रिक्षात घालून नेला. लावला, तेव्हा ठम्म असा आवाज झाला, आणि काचेला हात लावल्यावर अंगावरचे केस उभे राहिले. दोन-तीन जणी त्या आवाजानेच लहान झाल्या. आधी आम्ही सगळ्यांना वर सांगितलं ते सांगितलं, डोळा, अंधार, पांढरा चौकोन. मोठा पोरगा ऐकत उभा होता. मग ब्राइटनेस वाढवला आणि बंदूक ताईंच्या हातात दिली.

ताई म्हणाल्या, "राहू द्या ना मॅडम, कशाले?" तरी पदर खोचलाच.

पहिलं बदक पडलं. दुसरं सुटलं. त्यानंतर त्यांनी दोन्ही हातांनी बंदूक धरली, एक डोळा मिटला, आणि बोलणं बंद केलं. पहिल्या फेरीत दहापैकी आठ. दुसऱ्या फेरीत दहाच्या दहा. बाया ओट्यावर उभ्या राहून ओरडत होत्या. सासूबाई आतून विचारायला आल्या की कोणाचं काय झालं, आणि तिथंच बसल्या.

पोराने बंदूक मागितली. त्याचे दहापैकी तीन लागले. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांची धाकटी पोरगी, चौथीतली, आतापर्यंत दाराआड होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "आता माया नंबर." पोरगा म्हणाला, थांब, मी अजून एकदा. ताईंनी बंदूक त्याच्या हातातून काढून पोरीला दिली, तिच्या मागे उभ्या राहिल्या, तिचं कोपर खालून धरलं, आणि सांगितलं, "घाई नको करू. बदक वर गेलं की थोडं थांबते, तवा ओढ."

त्या दिवशी हप्ते जमा करायला साडेसहा वाजले. टीव्ही अजून ताईंच्याच घरी आहे. मेकॅनिकदादांनी दोनदा परत मागितला.